संहिता वाचली, आता तालमीचं बोलू

प्रिय दोस्ता,

पथनाट्याची संहिता वाचली. तळमळ खरी आहे, संवादही बरे जमलेत. पण तुझं तृतीयपंथी पात्र पहिल्या पानावर टाळी वाजवत येतं आणि शेवटच्या पानावर रडत जातं. त्याला काय काय येतं, हे मधे कुठेच दिसत नाही. लोक आधी हसतील, मग हळहळतील आणि चहा प्यायला जातील.

या हसण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका हुबेहूब उभा केला, की लोकांनी पडद्याबाहेरही त्यांना त्या भूमिकेतून सुटू दिलं नाही. नटाची ही गत, मग रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाची काय होत असेल?

तू कोल्हापुरात वाढलेलं पोर, यल्लम्मा देवीला सोडलेल्या जोगत्यांचा मेळा तुला नवा नाही; त्यात तृतीयपंथीही असतात. पण कधी चौंडकं वाजवणाऱ्याच्या हातांकडे पाहिलंयस? वाद्य काखेत, एका हाताने तारेचा ताण कमी-जास्त करायचा, दुसऱ्याने छेडायचं, आणि त्याच वेळी गाणंही म्हणायचं. सोबतीला तुणतुणं, झांज. डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) तोलून नाचणारी बाई गिरकी घेते तेव्हा मान जागची हलत नाही. तुझ्या नटांना हे पंधरा दिवसांच्या तालमीत जमणार नाही. म्हणून त्यांना साडी नेसवू नकोस. ज्यांची ही कला आहे, त्यांनाच बोलव.

तृतीयपंथी कलावंत मंजम्मा जोगती यांच्याबद्दल वाच. बल्लारी भागातल्या. जोगती नृत्य शिकल्या आणि त्यावरच उभ्या राहिल्या. 2019 मध्ये त्या कर्नाटक जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. मला स्वतःला पद्मश्रीपेक्षा ती खुर्ची मोठी वाटते. तिथे बसून त्यांनी इतर लोककलावंतांचं काम पाहिलं. तुझ्या पथकातही जोगत्यांना अशी जागा दे: प्रवेश कसा बसवायचा, कुठला विनोद कापायचा, हे ठरवण्याची.

हा हक्क केवळ सौजन्याचा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उत्तरेकडच्या प्रांतांसाठी असं कलम होतं, की नोंद झालेल्या हिजड्याने बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं, पैसे घेऊन नाचणं-वाजवणं गुन्हा ठरे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला तो 15 एप्रिल 2014 ला. एवढी वर्षं ज्यांचं नाचणं चौकीत नेण्यासारखं मानलं गेलं, त्यांना तू ‘जागृतीसाठी’ फुकट नाचायला सांगणार आहेस का?

मानधन आधी ठरव, आणि सगळ्यांना सारखं. पत्रिकेवर नाव त्या सांगतील तेच. कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह, रात्री परतायला गाडी, हे बघितल्याशिवाय प्रयोग लावू नकोस. प्रयोगानंतरच्या चर्चेत कुणीतरी ‘ऑपरेशन झालंय का?’ विचारणारच. तो प्रश्न तिथेच तोडायचं काम तुझं, त्यांचं नाही.

आणि भक्तीच्या भंडाऱ्यात सगळं पिवळंधमक दाखवू नकोस. देवाला सोडण्यात गरिबी आणि जबरदस्तीही असते. सगळेच तृतीयपंथी जोगते नसतात. तुझ्या संहितेत ट्रान्स पुरुष, म्हणजे जन्मतः मुलगी मानला गेलेला पुरुष, एकही नाही. शोधलास तर तुझ्याच कॉलेजात, मागच्या बाकावर कुणी सापडेल. त्याला मात्र रंगमंचावर ओढू नकोस. प्रकाशयोजना, लेखन, त्याला हवं ते करू दे, आणि काहीच नको असेल तर तेही चालेल.

शेवटचा रडण्याचा प्रवेश आत्ताच काढून टाक. त्या जागी काय ठेवायचं, ते मेळ्यातल्या मंडळींशी बसूनच ठरव. तारीख मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास नको, तेव्हा ही सगळी मंडळी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत असतील.

तुझा,
सर