घरची बातमी घरूनच कळू द्या

प्रश्न: ताई, आम्ही दोघं सांगलीत, गावभागात राहतो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. महिन्यापूर्वी हे न्हाणीत घसरून पडले, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. मुलाला ऑफिसचा ताण होता म्हणून मी कळवलं नाही. तीन आठवड्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर बारशाचा फोटो आला आणि त्यात यांचा गळ्यात अडकवलेला हात त्याला दिसला. "मी काय परका आहे का?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून जेवढ्यास तेवढं बोलतो. एरवीही मी गावातलं काही सांगायला लागले की "आई, मुद्द्याचं बोल" म्हणतो. लांबच्या लेकराच्या जिवाला घोर लावायचा का? आणि मग बोलायचं तरी काय?
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, तुम्ही मायेपोटीच लपवलंत, यात मला शंका नाही. पण तुमचा मुलगा दुखावलाय तो बापाच्या हातामुळे नव्हे. त्या तीन आठवड्यांत तुम्ही कितीदा "आम्ही मजेत आहोत" म्हणालात, ते तो आता मोजत बसला असेल.

हे मी स्वतः भोगलंय. २००५ साली जुलैच्या २६ तारखेला मुंबई पाण्याखाली गेली तेव्हा मी तिथे होते. त्याच पावसाळ्यात सांगलीलाही पूर आला. आई फोनवर म्हणायची, "आमचं काही नाही गं, तू तिकडं जप." दिवाळीला घरी गेले तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर, ओट्याच्याही वर, चिखलाची तांबूस रेघ. आईने पुसायचा प्रयत्न केला होता, तिथे चुना पोपडला होता. त्या रेघेपाशी उभी राहून मी रडले. पुढे कित्येक वर्षं तिने "बरं आहे" म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा, खरोखर बरं असलं तरीसुद्धा. लपवल्याने घोर टळत नाही, तो रोजचा होतो.

म्हणून वाईट बातमी त्याच दिवशी कळवा, आणि थोडक्यात कळवा. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, सोबतीला कोण आहे, आणि त्याने यायला हवं की नको. हे शेवटचं फार महत्त्वाचं. "बघ बाबा तुला जमलं तर" असं म्हणू नका. त्याने मुलाची रात्रीची झोप जाते. "ये" किंवा "आत्ता येऊ नकोस, लागलं तर बोलावीन" असं स्पष्ट सांगा. "घाबरू नकोस हं" अशी सुरुवातही नको, त्यानेच माणूस आधी घाबरतो. आणि फोन यांच्या हातात द्या. बापाचा आवाज कानावर पडला की निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता "मुद्द्याचं बोल". हे ऐकून गप्प बसू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बहुतेक तुमचा फोन त्याच्या कामाच्या घाईत जात असेल. वेळ त्यालाच विचारा, किंवा बोललेलं रेकॉर्ड करून पाठवा, तो गाडीत बसल्यावर निवांत ऐकेल. गावच्या मोठ्या बातम्या त्याला मोबाइलवर मिळतातच. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली का, ४५ च्या धोका पातळीला किती कमी आहे, हे त्याला पुण्यात बसून कदाचित तुमच्याआधी कळतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हापासून आकडा चढला की बाहेरगावच्या सांगलीकराच्या घशाखाली घास उतरत नाही. पण फ्रिज माडीवर चढवला का, गव्हाचे डबे कुठे ठेवले, पाणी वाढलं तर तुम्ही कुणाकडे जाणार, हे कुठल्या बातमीत येणार? ते तुम्हीच सांगायचं.

बाकीचंही सांगा. हळदीचे सौदे सुरू झाले, श्रावणी सोमवारी हरिपूरला संगमावर जाऊन आलो, त्याच्या शाळेच्या वाटेवरचं सायकलचं दुकान बंद झालं. मात्र दहा जणांची लग्नं-बारशी एका दमात उरकण्यापेक्षा एकच गोष्ट नीट सांगा. दुकान बंद करताना म्हातारा मालक काय बोलला, पंपाचं काय केलं. जिथे त्याने दहा वर्षं चाकात हवा भरली, ते ऐकताना तो "मुद्द्याचं बोल" म्हणेल असं मला वाटत नाही. आणि त्यालाही विचारा, फक्त "जेवलास का" एवढंच नको. डब्यात काय होतं, शेजारी कोण बसतं, साहेब कसा आहे. त्याच्याकडेही न सांगितलेलं काही साठलेलं असणार.

आज रात्री आधी "चुकलं माझं, सांगायला हवं होतं" एवढं सरळ म्हणा. त्यापुढे कारणं नकोत. मग प्लास्टर काढायला डॉक्टरांनी कधी बोलावलंय ती तारीख सांगा. तो "येतो" म्हणाला, तर "कशाला उगाच रजा घालवतोस" हे वाक्य ओठांवर येईल. ते गिळा, आणि कुठल्या गाडीने येतोस ते विचारा.