आधी थर्मामीटर घे
घरी डेव्हलप केलेल्या फिल्मवरचे फोटो नीट येत नाहीत म्हणून कॅमेरा बदलू नकोस, आधी थर्मामीटर घे. आपल्या मालवणात नळाचं पाणी 20 अंशांवर कधी येतच नाही आणि डेव्हलपिंगच्या तक्त्यातल्या वेळा मात्र 20 च्याच असतात. टबात बर्फाच्या पिशव्या टाकून डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, 24 वर आण, दरवेळी तिथेच. एचपी5 या कृष्णधवल फिल्मला आयडी-11 या डेव्हलपरमध्ये, 1+1 प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), 20 वर 13 मिनिटं लागतात. 24 वर साधारण 9. दर मिनिटाच्या सुरुवातीला फिल्मची बंद टाकी चारदा, सावकाश उलटव. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही तेवढंच गार हवं.

आणि उन्हातल्या पांढऱ्या वाळूवर प्रकाश मोजणारा मीटर फसतो, तिला करडी करतो. तिथे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश दे. होडीच्या सावलीतली जाळी दिसायला हवीत? मीटर जाळ्यांवर धर, मग दोन स्टॉप कमी कर. हे सगळं हातात बसेपर्यंत फिल्म बदलायची नाही, हे मात्र कटाक्षाने पाळ.