नीडइन्फोमध्ये अडकलेला बग पुढे कसा सरकतो

प्रश्न थोडक्यात असा: फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या शिक्षिकेने लिब्रेऑफिस रायटर या मोफत लेखन-प्रोग्राममध्ये ‘दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका’ तयार केली. ‘ऱ्या’मधला अर्धा र तुटून, पायमोडका दिसतो. त्यांनी लिब्रेऑफिसच्या बगझिलात, म्हणजे दोष (बग) नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंद केली, तिथे फाईल मागितली गेली, ती जोडलीही. त्याला तीन महिने झाले, तरी स्थिती ‘नीडइन्फो’च, म्हणजे ‘माहिती हवी’. स्वयंसेवक हे बघतात की नाही?

बाई, बघतात. पण तुमची नोंद सध्या ज्या खणात आहे, त्या खणात शोधायला कुणी जात नाही, आणि तिथून ती बाहेर काढणे तुमच्याच हातात आहे. लिब्रेऑफिसमध्ये नवी नोंद ‘अनकन्फर्म्ड’ या स्थितीत सुरू होते. तपासणाऱ्याला माहिती कमी वाटली की तो स्थिती ‘नीडइन्फो’ करतो आणि प्रश्न विचारून ठेवतो. तुम्ही उत्तर दिल्याने किंवा फाईल जोडल्याने ही स्थिती आपोआप बदलत नाही. उत्तर लिहिल्यावर स्थितीच्या चौकटीत जाऊन ती तुम्हीच परत ‘अनकन्फर्म्ड’ करायची असते. सहा महिने हालचाल झाली नाही तर यंत्राकडून एक आठवण येते. त्यानंतरही ३० दिवस काही घडले नाही तर नोंद ‘अपुरी माहिती’ असा शिक्का घेऊन बंद होते. चांगल्या, खऱ्या बगांच्या कितीतरी नोंदी अशा एवढ्याशा कारणाने मिटतात, याचे फार वाईट वाटते. तेव्हा आधी ते काम करा, बाकीचे मग वाचा.

अनकन्फर्म्डची पुढची पायरी ‘न्यू’. ही पायरी स्वतःच्या नोंदीला स्वतः द्यायची नसते. दुसऱ्या कुणीतरी आपल्या मशीनवर तोच दोष पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. स्वयंसेवकाच्या वेळेचा मोठा वाटा इथेच जातो, दुरुस्तीत नव्हे. संध्याकाळी तासभर मोकळा असलेला माणूस यादीतून तीच नोंद उचलतो, जी पाच मिनिटांत आपल्याकडे घडवून पाहता येते. ‘मराठी नीट दिसत नाही’ या वाक्यावरून त्याला काहीच घडवता येत नाही. त्याला मराठी वाचता येत नसण्याची शक्यताही धरून चला. म्हणून बरोबर रूप आणि चुकलेले रूप अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून, चुकीच्या जागी लाल गोल करून जोडा.

आता तुमच्या दोषाकडे. इथे जरा थांबायला हवे, कारण तुटका ‘ऱ्या’ हा दोष चार वेगवेगळ्या ठिकाणचा असू शकतो: कळफलक, फॉन्ट, अक्षरे जुळवणारे हार्फबझ, किंवा खुद्द रायटर. चुकीच्या दारात टाकलेली नोंद महिनोन्‌महिने इकडून तिकडे फिरते.

सुरुवात टाईप काय झाले आहे तिथून करा. ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला आणि युनिकोडने सुचवलेला प्रकार: ऱ (यू+०९३१), हलन्त (यू+०९४डी), य. दुसरा जुन्या मजकुराच्या सोयीसाठी मान्य असलेला: साधा र (यू+०९३०), हलन्त, अदृश्य जोडणी-चिन्ह (यू+२००डी), य. साधा र, हलन्त आणि य एवढेच टाईप झाले असेल तर रफारच येणार. ‘दऱ्या’ लिहायला गेलो आणि ‘दर्या’ उमटला, तर तो बग नव्हे. रायटरमध्ये अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबले की अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसतो; पुन्हा दाबले की अक्षर परत येते. हे संकेतांक नोंदीत जसेच्या तसे लिहा. मराठी न येणाऱ्या तपासनिसाला तोच खरा आधार.

मग एका ओळीत दोन्ही प्रकार टाईप करून पाहा. एक नीट आणि एक तुटका आला, तर बहुतेक वेळा फॉन्टमध्ये त्या एका क्रमासाठी अर्ध्या रूपाचा नियम राहून गेलेला असतो. दोन्ही तुटले तर फॉन्ट बदला. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी यांपैकी एक घ्या. फॉन्ट बदलताच दोष गेला, तर नोंद त्या फॉन्टच्या प्रकल्पाकडे करायची, लिब्रेऑफिसकडे नाही. सगळ्याच फॉन्टमध्ये दोष राहिला, तर तोच मजकूर त्याच फॉन्टमध्ये फायरफॉक्समध्ये उघडा. फायरफॉक्सही हार्फबझच वापरतो. तिथे बरोबर आणि रायटरमध्ये चूक म्हणजे दोष रायटरचा. दोन्हीकडे चूक असेल तर संशय हार्फबझवर, आणि त्यांच्या एचबी-व्ह्यू या छोट्या साधनाला फॉन्टची फाईल व मजकूर देऊन काढलेले चित्र हा सर्वात स्वच्छ पुरावा.

या चाचणीत फसवणूक होते ती फॉन्टच्या नावाने. मागितलेला फॉन्ट मशीनवर नसेल तर रायटर गुपचूप दुसरा वापरतो. नावाच्या चौकटीत ते नाव तिरप्या अक्षरात दिसते, तिकडे लक्ष ठेवा. शिवाय रायटर देवनागरीचा फॉन्ट आणि भाषा रोमन मजकुरापासून वेगळी सांभाळतो. आपल्या गोव्यात एकच मशीन मराठी, कोंकणी, हिंदी तिन्हींसाठी वापरतात, आणि परिच्छेदाची भाषा भलतीच राहते. ल आणि श यांची मराठी वळणे काही फॉन्ट फक्त मजकुरावर ‘मराठी’ अशी खूण असेल तरच देतात. ‘माझा ल हिंदीसारखा येतो’ ही तक्रार बहुधा या सेटिंगवर येऊन थांबते.

दोष रायटरचाच ठरला, की फाईल लहान करा. प्रश्नपत्रिकेची प्रत काढा, अर्धा मजकूर पुसा, सेव्ह करून पुन्हा उघडा. दोष राहिला तर आणखी अर्धा पुसा, गेला तर दुसरी बाजू पुसून पाहा. आठ-दहा फेऱ्यांत एका ओळीची फाईल हाती येते. जोडलेली फाईल साऱ्या जगाला दिसते, म्हणून मुलांची नावे, हजेरी क्रमांक, पालकांचे फोन आधीच काढा. एकदा सेफ मोडमध्येही तपासा, हेल्प मेनूत तो पर्याय आहे. सेफ मोडमध्ये दोष नाहीसा झाला तर कारण तुमच्या प्रोफाइलमध्ये (तुमच्या सेटिंग्जच्या साठ्यात), एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये किंवा चित्रांकनाच्या प्रवेगात (हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनमध्ये) आहे. अबाउटच्या खिडकीतली आवृत्तीची माहिती पूर्ण कॉपी करा. ‘लेटेस्ट व्हर्जन’ असे लिहू नका, पुढच्या महिन्यात त्याचा अर्थ बदलतो.

आधीच्या आवृत्तीत हेच नीट दिसत होते का? असेल, तर तो ‘रिग्रेशन’, म्हणजे आधी चालणारे नंतर मोडले, आणि तिथे नोंदीचे वजन एकदम वाढते. कोणत्या बदलाने मोडले हे शोधायला लिब्रेऑफिसकडे बायबायसेक्ट नावाचे संग्रह आहेत. त्यांत बदलागणिक तयार करून ठेवलेले प्रोग्राम असतात, म्हणजे स्वतः कंपाईल करावे लागत नाही. गिट हे बदलांचा इतिहास सांभाळणारे साधन उरलेल्यांतला मधोमधचा प्रोग्राम देते, तुम्ही ‘गुड’ किंवा ‘बॅड’ सांगता, उरलेले निम्मे होतात. हजार बदलांना साधारण १० फेऱ्या, चार हजारांना १२. सुरूच न होणाऱ्या प्रोग्रामला ‘स्किप’ म्हणा, अंदाजाने उत्तर देऊ नका. एक चुकीचे उत्तर पुढचा सगळा शोध भलत्या बदलावर नेते. दर फेरीला कोरे प्रोफाइल वापरा. संग्रह कित्येक जीबींचा असतो आणि गिटची क्लोन (संग्रह उतरवून घेणे) मध्येच तुटली तर पहिल्यापासून सुरू होते, म्हणून पावसाळ्यात लाईट जाण्याच्या दिवसांत हे काम यूपीएस आणि चांगले नेट असलेल्या ठिकाणीच हाती घ्यावे. हे जमणार नसेल तर दोन जुन्या आवृत्त्या तपासून ‘अमुक आवृत्तीत ठीक, तमुकमध्ये नाही’ एवढे लिहिले तरी पुरते. उरलेले काम आवडीने करणारी माणसे तिथे आहेत.

मोडणारा बदल सापडला की तो करणाऱ्याला नोंदीत जोडले जाते. त्याच्याही पुढे कुणी कुणाला काम नेमून देत नाही. काही डेव्हलपर कंपन्यांच्या पगारावर असतात आणि त्या कंपनीच्या ग्राहकांचे दोष आधी घेतात. बाकीचे आपल्या आवडीचे निवडतात. म्हणून प्राधान्याची चौकट स्वतः ‘हायेस्ट’ करून किंवा दर आठवड्याला ‘काय झाले?’ विचारून काही हलत नाही, उलट नोंदीतली कामाची माहिती टिप्पण्यांच्या ढिगात गाडली जाते.

तगाद्याची किंमत किती असू शकते हे एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या मुक्त साधनाच्या प्रकरणात दिसले. २०२२ मध्ये त्या प्रकल्पाच्या एकट्या, थकलेल्या सांभाळणाऱ्यावर काही खात्यांवरून सतत दबाव आला, आणि पुढे ‘मदतीला’ आलेल्या व्यक्तीकडे अधिकार गेले. त्याच वाटेने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो पकडला, कारण एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनमध्ये शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्यांनी ते सोडून दिले नाही. (सुरक्षेशी संबंधित काही आढळले तर सार्वजनिक नोंद करू नका. बहुतेक मोठ्या प्रकल्पांचा त्यासाठी खासगी ईमेल पत्ता असतो.)

दुरुस्ती लिहून झाली की तो बदल, म्हणजे पॅच, गेरिट या तपासणीच्या संकेतस्थळावर जातो. तिथे तो यंत्रांवर बांधून चाचण्या होतात, दुसरा डेव्हलपर वाचतो, आणि मगच तो मुख्य शाखेत जातो. तुमची एका ओळीची फाईल पुष्कळदा इथे पुन्हा कामाला येते: तिच्यावरून चाचणी लिहिली जाते, म्हणजे तोच दोष परत आला तर आधीच अडतो. नोंदीत आपोआप संदेश पडतो की दुरुस्ती अमुक आवृत्तीत मिळेल. मोठ्या आवृत्त्या वर्षातून दोन, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास. मधल्या दुरुस्ती-आवृत्तीत ती आणायची तर वेगळी तपासणी लागते. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती वापरत असाल तर तिथे लिब्रेऑफिस जुन्याच शाखेवर राहते, त्यामुळे ‘फिक्स्ड’ दिसूनही तुमच्या शाळेत दोष तसाच राहील. तेव्हा लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावरून थेट नवी आवृत्ती घ्या.

‘फिक्स्ड’चा संदेश आला की एक-दोन दिवसांनी डेली बिल्ड, म्हणजे रोज तयार होणारा चाचणीचा प्रोग्राम, उतरवा. तो मूळ प्रोग्रामशेजारी वेगळा बसतो, त्यामुळे शाळेच्या कामाला धक्का लागत नाही. आपली एका ओळीची फाईल त्यात उघडा, दोन्ही क्रमांतला ‘ऱ्या’ पाहा, बरोबर असेल तर बिल्डची माहिती जोडून स्थिती ‘व्हेरिफाइड’ करा. एकच क्रम सुधारला असेल तर तेही तिथेच लिहा, दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यात तो भाग अजून ताजा असतो.