चौघांसाठी टिअरड्रॉप ट्रेलर: प्लायवूड आणायच्या आधी

टिअरड्रॉप म्हणजे गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा, आत झोपायची जागा असलेला छोटा ट्रेलर. आधी जमिनीवर खडूने त्याच्या नेहमीच्या तळाएवढा, ४ बाय ८ फुटांचा आयत आखा आणि घरातल्या चौघांनीही त्यात आडवं होऊन बघा. दोघांतच तो भरतो. मुलं लहान असतील तर रुंदी ५ फूट घ्या आणि मोठ्यांच्या पायांच्या वर आडवा बंक, म्हणजे झोपायची फळी, टाका. खाली कूस बदलताना पाय अडकू नयेत म्हणून ४० सेंमी तरी मोकळे ठेवा. मुलांची उंची वाढली की बंक बाद, तेव्हा तंबू जोडायची पट्टी दाराच्या बाजूला आत्ताच लावलेली बरी.

खरी गफलत होते ती वजनात. भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या पुढच्या टोकावर हवा. ६०० किलोला ६० ते ९०. स्वयंपाकघर मागे, बाहेरून उघडायच्या झाकणाखाली असतं. त्यातच पाण्याची टाकी आणि शेगडी कोंबली की पुढचा भार घटतो आणि वेगात ट्रेलर डोलायला लागतो. त्यामुळे टाकी ॲक्सलजवळ (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याजवळ) ठेवा, आणि ॲक्सलची जागा हा हिशेब झाल्यावरच पक्की करा. तपासायला ट्रेलर सपाटीवर उभा करा, चाकांना अडण लावा आणि कपलिंगखाली नेहमीच्या उंचीवर ठोकळा उभा करून तो वजनकाट्यावर टेकवा.

गळती बहुधा मागच्या झाकणाच्या बिजागरीतून सुरू होते. स्क्रूची भोकं आणि प्लायच्या उघड्या कडा इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरा, नुसत्या रंगावर विसंबू नका.

छताला व्हेंट (हवा जायचा झरोका) आणि समोरासमोर दोन खिडक्या हव्यातच, नाहीतर चौघांच्या श्वासाने सकाळी छत ठिबकतं. शेगडी आत? कधीच नाही.