२८ फुटी शीडबोटीवर टीव्ही कोणता घ्यावा आणि कसा बसवावा?

तुम्ही लिहिलंय की बोट मांडव्याला उभी असते, १०० एएचची (अँपिअर-तासांची) एकच १२ व्होल्टची बॅटरी आहे, ३२ इंची टीव्ही घ्यायचा आहे, आणि दुकानदार म्हणतो १००० वॅटचा इन्व्हर्टर घ्या, पुढेमागे मिक्सरही चालेल. वर मागच्या रेलिंगला डिश लावावी का, हेही विचारलंय. बाकी काही नसतं तर वाचून पुढे गेलो असतो, पण ते मिक्सरचं वाक्य शब्दशः माझ्या दाजींचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

इन्व्हर्टर घेऊच नका. १००० वॅटचा नको आणि ३०० वॅटचाही नको.

मी जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, नोकरी सगळी त्यातच गेली. बॅटरीत १२ व्होल्ट डीसी आहे. इन्व्हर्टर त्याचे २३० व्होल्ट एसी करणार, आणि टीव्हीचा ॲडॉप्टर त्याचे परत १२ किंवा १९ व्होल्ट डीसी करणार. रुपयांचे डॉलर करून त्याच खिडकीवर पुन्हा रुपये घ्यायचे आणि दोन्ही वेळा दलाली द्यायची, असा हा व्यवहार आहे. त्यात इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी १०-१२ वॅट खातो. टीव्ही बंद करून तुम्ही झोपलात आणि इन्व्हर्टरचं बटण तसंच राहिलं, तर २४ तासांत २० ते २५ एएच गेले. लेड ॲसिड बॅटरी टिकवायची तर १०० मधले ५०च वापरायचे असतात. म्हणजे काहीही न बघता निम्मी शिदोरी संपली.

आता दाजींचं. आमची बोट आम्हा दोघांच्या भागीदारीत आहे. २०२३ ची भाऊबीज झाली, मुलांना सुट्ट्या होत्या, ताई, दाजी, भाचा, भाची सगळे रत्नागिरीला आले होते. १९ नोव्हेंबरला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल. दाजींनी आधीच घरचा ३२ इंची टीव्ही, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स असं सगळं बोटीवर चढवलं होतं आणि ६० सेंटिमीटरची डिश मागच्या रेलिंगला क्लॅम्पने आवळली होती. मी तेव्हाच म्हटलं की हे टिकणार नाही. ते म्हणाले, "तू जहाजावरचं सांगतोस, ही साधी गोष्ट आहे." सकाळी निघालो, दुपारी जयगडच्या खाडीत नांगर टाकला, डिश लावली, चित्र आलं. ताई खूश, मुलं खूश.

आपल्याकडून डीटीएचचे उपग्रह आग्नेयेच्या अंगाला दिसतात. एवढ्या डिशला नेम दोन-तीन अंशांपलीकडे चुकलेला चालत नाही. आणि नांगरावरची बोट दोन-तीन अंशांत राहत नाही, ती ओहोटीला अख्खी तोंड फिरवते. भारत २४० वर आटोपला. ऑस्ट्रेलियाचा स्मिथ गेला तेव्हा ४७ वर ३ बाद, केबिनमध्ये आरडाओरडा. त्याच सुमारास भरती ओसरायला लागली, बोटीने खाडीच्या आतल्या बाजूला नाक वळवलं आणि चित्र गेलं. दाजी मागे जाऊन दोन्ही हातांनी डिश धरून उभे, भाचा आतून ओरडतोय "आलं, आलं, गेलं!" बोट वळत राहिली आणि शेवटी डोलकाठीच मध्ये आली.

इथपर्यंत गेली ती नुसती मॅच. खरी गोष्ट पुढे आहे आणि तीच मला तुम्हाला सांगायची आहे. दुपारी इन्व्हर्टर सुरू झाला तसा व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या वायरलेसवर, फस्स आवाज यायला लागला होता. दाजींनी स्क्वेल्चची, म्हणजे बारीक आवाज गाळणारी, खुंटी फिरवून तो आवाज बंद केला. बंद झाला खरा, पण त्यासोबत बारीक येणाऱ्या हाकाही बंद झाल्या. थोड्या वेळाने अंधारातून एक ट्रॉलर जवळ आला, टॉर्च थेट आमच्या तोंडावर, आणि त्याचा तांडेल (कप्तान) ओरडतोय, "ओ शिडवाले! कधीपासून हाका मारतोय, वायरलेस ऐकत नाय काय? नांगर सुटलाय तुमचा!" बघतो तर खरंच, ओहोटीबरोबर आम्ही सरकत सरकत त्याच्या दुसऱ्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, चाललो होतो. तो चॅनेल १६ वर, म्हणजे सगळ्या बोटी ऐकतात त्या चॅनेलवर, आम्हाला बोलवत होता आणि आमचा रेडिओ गप्प. इंजिनाला चावी दिली तर स्टार्टर कण्हला, कारण बॅटरी एकच आणि दुपारपासून इन्व्हर्टर तिच्यावर. इंजिन लागलं, नांगर उचलून दुसरीकडे टाकला. भाची ताईला घट्ट धरून बसली होती. त्या तांडेलाचे उपकार मी विसरणार नाही.

दाजी आजही म्हणतात की दोष टीव्हीचा नव्हता, रेडिओ जुना होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासमोर चाचणी घेतली. ती तुम्हीही घ्या, पैसे लागत नाहीत. टीव्ही, इन्व्हर्टर, एलईडी दिवे सगळं बंद करा. रेडिओ एखाद्या मोकळ्या चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च इतकाच फिरवा की फस्स आवाज जेमतेम थांबेल. मग एकेक वस्तू चालू करा. ज्या वस्तूला फस्स परत येईल ती वस्तू तुमचा रेडिओ बहिरा करते आहे. आमच्याकडे इन्व्हर्टर चालू केला की फस्स, बंद केला की शांत. रेडिओ तोच, अँटेना तीच. स्वस्त एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ आणि एआयएस (आसपासच्या बोटी दाखवणारं यंत्र) मार खातात, असा इशारा अमेरिकेच्या कोस्ट गार्डने ऑगस्ट २०१८ मध्ये काढला होता आणि त्यात हीच चाचणी दिली होती. दिव्यातला स्वस्त स्विचिंग सप्लाय (व्होल्टेज बदलणारं सर्किट) जे करतो तेच इन्व्हर्टरमधला करतो. एआयएस १६२ मेगाहर्ट्झला, चॅनेल १६ १५६.८ ला, म्हणजे दोघंही त्याच गोंगाटात सापडतात. दाजी, वाचत असाल तर रेडिओ अजून तोच आहे आणि अजून ठणठणीत आहे.

बरं, तुमचा टीव्ही. कंपनी विचारली आहे, ती मी सांगणार नाही, मॉडेलं दर वर्षी बदलतात. दुकानात जाल तेव्हा स्क्रीन नंतर बघा, आधी ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा. "आउटपुट १२ व्होल्ट, ३ अँपिअर" असं लिहिलेला बाहेरचा ॲडॉप्टर असेल तर तो टीव्ही तुमचा. १९ व्होल्ट असेल तरी जमतं, फक्त व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर लागतो. २३० ची वायर थेट टीव्हीत जात असेल तर तो घरी ठेवा. ३२ इंचांत बाहेरचा ॲडॉप्टर क्वचित मिळतो. २४ इंचांत मिळतो, आणि २८ फुटी बोटीच्या केबिनमध्ये २४ इंच भरपूर आहेत. कम्प्युटरचा मॉनिटर घेतलात तरी हरकत नाही. पॅनेल आयपीएस घ्या, ते तिरकं बघितलं तरी नीट दिसतं. बोटीत कोणी समोर बसून बघत नाही, एक जण बर्थवर आडवा, एक जिन्याच्या पायरीवर. स्वस्त पॅनेल खालून बघितलं की काळं पडतं.

२४ इंची टीव्ही २५-३० वॅट घेतो, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण अडीच अँपिअर. तीन तासांचे साडेसात एएच. दाजींच्या जुळणीत तेवढ्याच वेळाला १८ च्या आसपास जात होते. १०० वॅटचं सोलर पॅनेल कोकणातल्या उन्हात दिवसाला ३० एएचच्या आसपास परत देतं, त्यात टीव्ही आरामात बसतो.

पण १२ व्होल्टचा टीव्ही थेट बॅटरीला जोडू नका. बॅटरी १२ वर कधीच नसते. चार्ज होताना १४.४, रात्री उशिरा ११.८, स्टार्टर मारला की दहाच्याही खाली. टीव्हीला बरोबर १२ लागतात. मध्ये स्थिर १२ देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बसवा, चांगल्या फिल्टरचा, धातूच्या डबीतला, आणि रेडिओपासून लांब. हाही स्विचिंगचाच आहे, म्हणून बसवल्यावर वरची चाचणी पुन्हा घ्या. फस्स आली तर वायरीवर फेराइटच्या (गोंगाट शोषणाऱ्या) कड्या चढवून बघा, तरी गेली नाही तर कन्व्हर्टर बदला.

वायर टिन केलेल्या तांब्याची. घरातल्या वायरीचं तांबं खाऱ्या हवेत दोन मोसमांत काळं पडतं, सोलून बघा म्हणजे कळेल. जाडी २.५ चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून टीव्ही सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर, अडीच-तीन अँपिअरला पाव व्होल्ट पडतो, तेवढा चालतो. फ्यूज ५ अँपिअरचा, आणि तो बॅटरीजवळ, टीव्हीजवळ नाही. सांधे क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा), वर गोंदाची हीट श्रिंक. नुसत्या सोल्डरवर राहू नका, हादऱ्याने तार तिथेच तुटते. अधिक आणि वजा दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या, म्हणजे दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना मारतं आणि होकायंत्र बिघडत नाही.

होकायंत्राबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण तुमच्या आकाराच्या बऱ्याच शीडबोटींत ते कॉकपिटसमोरच्या बल्कहेडवर, म्हणजे केबिनच्या आडव्या भिंतीवर, बसवलेलं असतं. केबिनमधून पाहिलं तर टीव्हीला सर्वांत सोयीची भिंत तीच वाटते, आणि मग होकायंत्राच्या पाठीला पाठ लावून टीव्ही बसतो. टीव्हीच्या स्पीकरमध्ये लोहचुंबक असतात, ते टीव्ही बंद असतानाही काम करतात. निदान एक मीटर अंतर ठेवा. बसवण्याआधी एकाने टीव्ही हातात धरून तिथे उभं राहायचं, दुसऱ्याने होकायंत्र बघायचं. चालू करून बघा, बंद करून बघा. काटा किंचितही हलला तर जागा बदला. आमचा पुढच्या बल्कहेडवर, डाव्या अंगाला आहे.

स्टँडवर ठेवायचा विचारही करू नका. मागे भोकांचा चौकोन असतो, ७५ किंवा १०० मिलिमीटरचा, त्यावर कुलूपबंद होणारा आर्म घ्या. प्लायच्या बल्कहेडमधून आरपार बोल्ट, मागे मोठे वॉशर किंवा पट्टी, सगळं स्टेनलेस. फायबरच्या सालीत स्क्रू पिळू नका, पहिल्या मोठ्या लाटेला टीव्ही कोणाच्या तरी डोक्यावर येईल. आर्म असा घ्या की टीव्ही पटकन निघेल, कारण जूनमध्ये बोट वर काढाल तेव्हा टीव्ही घरी न्यायचाच. पावसाळाभर बंद केबिनमध्ये राहिलेली सर्किटं गणपतीपर्यंत हिरवी होतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून बोटीवर ठेवणं तर त्याहून वाईट, आतल्या आत दव धरतं.

डिश नाही, हे वर आलंच. फिरत्या बोटीवर उपग्रह धरून ठेवणारे घुमट मिळतात, त्यांच्या किमती लाखांत, २८ फुटीवर शोभणारही नाहीत. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बहुतेक सगळे बंद झालेत, त्यामुळे साध्या अँटेनावरही जाऊ नका. मोबाइल नेट वापरा. खाडीत, बंदरात बहुतेक ठिकाणी मिळतं, किनारा सुटला की भरवसा नाही, म्हणून पेन ड्राइव्ह भरून न्या. नेटवरून चित्र दाखवणारी स्टिक लावणार असाल तर तिला टीव्हीच्या यूएसबीवर चालवू नका, तिथे वीज कमी पडते आणि ती मध्येच बंद पडते. गाडीचा १२ व्होल्टचा चार्जर लावा.

९ मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती तेव्हा आम्ही देवगडला नांगरून होतो. मॅच दुपारपासून रात्रीपर्यंत, २५२ चा पाठलाग, शेवटी जडेजाचा चौकार. बोट तेवढ्या वेळात खाडीत मनासारखी फिरली असेल, चित्र एकदाही हललं नाही. व्हीएचएफ शेजारीच चालू होता आणि बाहेरच्या बोटींचं बोलणं स्पष्ट येत होतं. ताई जयगडनंतर बोटीवर पाय ठेवायला तयार नव्हती, ती त्या रात्री राहिली. "बोटीवर टीव्ही म्हणजे चैन, समुद्र बघायचा की स्क्रीन" असं सांगणारे शीडवाले तुम्हाला भेटतील. त्यांच्या घरचं कोण त्यांच्याबरोबर येतं, ते विचारा. सूर्य सहा-साडेसहाला बुडतो आणि पुढची संध्याकाळ लांब असते. मुलं रमली तर पुढच्या वेळी येतात, हे मी बघितलंय.

काही गोष्टी राहिल्या. शीड वर असताना रात्री टीव्ही लावायचा नाही. पडद्याकडे बघितलेल्या डोळ्यांना अंधाराची पुन्हा सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. इंजिनासाठी दुसरी, वेगळी बॅटरी आधी घ्या, टीव्ही नंतर. बोट २४ व्होल्टची असेल तर कन्व्हर्टर २४ वरून १२ चा लागेल. कंपनीचा ॲडॉप्टर बाजूला ठेवल्यावर काही झालं तर वॉरंटीवर भांडता येणार नाही, हे धरून चाला. आणि कोणाकडे मोठी लिथियम बॅटरी आणि चांगला प्युअर साइन इन्व्हर्टर आधीपासून असेल, वरची चाचणी त्याने पार केली असेल, तर त्याने खुशाल त्यावर टीव्ही चालवावा. तुमच्याकडे तो नाही, आणि दाजींकडेही नव्हता.