लेस, नंदी आणि बोजारा

प्रिय बेटा,

लेकीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बुटाची लेस बांधली म्हणून तू तिला चॉकलेट दिलंस, आणि दुसऱ्या दिवशी लेस बांधायच्या आधीच तिने हात पुढे केला. आता कौतुक करावं की नाही, असं तू विचारतोस. करच. चॉकलेट तेवढं बंद कर.

1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतली चित्रवेडी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ. काहींना चित्र झाल्यावर अचानक दिलं, उरलेल्यांना काहीच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर ज्यांना आधी कबूल केलं होतं त्यांचीच चित्रांची ओढ कमी झाली होती. बाकीची पूर्वीसारखीच रंगात बुडालेली. म्हणजे खोट खाऊत नाही, सौद्यात आहे. एखाद्या संध्याकाळी न सांगता फुटाळा तलावावर नेऊन भुट्टा खाऊ घातलास, तर काही बिघडत नाही.

आपल्या तान्ह्या पोळ्याचंच बघ ना. रघुजीराजे भोसले दुसरे यांनी 1806 मध्ये तो नागपुरात सुरू केला, असं सांगतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात. नंदी वीतभर असो की गुडघ्याएवढा, दारात आला की हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे, पडतो. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो. स्पर्धा आल्या मागाहून, आणि त्यांच्याबरोबर आईबापही आले. नागपुरातल्या महाल भागात एका नंदीची झूल मी पाहिली, जरीची, शिंप्याकडून शिवून आणलेली. त्याचा मालक आईच्या पदराआड. विचारलं तर म्हणे, ‘बाबांनी केलं.’ शेजारच्या पोरीच्या नंदीचं एक शिंग पूर्ण लाल, दुसरं अर्धंच, कारण रंग संपला. झूल म्हणजे ब्लाऊजपीसचा तुकडा, फेव्हिकॉलने चिकटवलेला, एका बाजूने लोंबणारा. पण ती पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून दाखवत होती! बक्षीस कोणत्या नंदीला मिळालं, ते तुला सांगायला नको.

म्हणून यंदा नंदी तिचा तिलाच रंगवू दे. फरशीवर पेपर अंथर आणि गप्प बस.

आता बोलायचं काय? ‘माझी हुशार बाय’ हे तोंडात पटकन येतं, पण ते जपून वापर. म्यूलर आणि ड्वेक यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की ‘तू हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढे सोपंच काम निवडू लागतात, आणि एकदा चुकली की लवकर हात टेकतात. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघडाला भिडतात. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलंस तेच सांग. ‘लेस दोनदा सुटली, तरी तू चिडली नाहीस. दुसरा फासा किती घट्ट ओढलास!’ त्यासाठी मोबाइल खाली ठेवून बघावं मात्र लागतं.

मोबाइलचं निघालंच आहे तर सांगते. प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची जी सवय लागली आहे ना, ती मात्र, तान्ह्या पोळ्याला नागपुरात ईडापीडा हाकलायला ओरडतात तसं, घेऊन जा गे मारबत! दहा अंगठे येतात, मग मावशीच्या नातवाचा व्हिडिओ येतो, आणि लेकराची लेस राहते बाजूला. त्यापेक्षा रात्री जेवताना तिलाच आजीला सांगू दे. मध्येच तू सांगू नकोस. ती अडखळेल, लेस सोडून बुटाच्या रंगाचं काहीतरी लावेल, वरण गार होईल. होऊ दे.

तुझी आई म्हणेल, इतकं कौतुक नको, पोरगी डोक्यावर बसेल, शिवाय दृष्ट लागते. तिच्याशी वाद घालू नकोस बाप्पा. दृष्ट काढायचं खातं तिच्याकडेच राहू दे. आणि हो, सूनबाईने परवा पहिल्यांदा गाडी चालवत थेट सीताबर्डीच्या गर्दीतून काढली, हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही.

तुझी,
काकू