कार्नेशन, लवंग आणि नेरूळची बाल्कनी

नेरूळच्या ताई, तुम्ही विचारलंय की शास्त्रीय नावात 'कॅरिओफायलस' (लवंगेचं जुनं लॅटिन नाव) आहे म्हणजे कार्नेशन लवंगेच्या कुळातलं का, आणि जानेवारीत आणलेलं रोप एप्रिलमध्ये का गेलं. मी ठाण्यात बारा वर्षं बाल्कनीतच झाडं लावते, माझीही दोन रोपं अशीच गेली आहेत.

लवंगेशी नातं फक्त वासाचं. दोन्हींत युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं, त्यावरूनच या फुलाला लवंगेचं नाव चिकटलं आणि १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 'डायअँथस कॅरिओफायलस' म्हणून ते कायम केलं. लवंगेचं सख्खं भावंड आपलं जांभूळ, दोघंही सिझिजियम या एकाच वंशातले.

कार्नेशनचं गणगोत मात्र तुमच्या घरातच सापडेल. बोगनवेल, ऑफिस टाइम, निवडुंग, राजगिरा, भाजीतला पालक आणि बीट हे सगळे त्याच गणातले, म्हणजे अनेक कुळांच्या एकाच मोठ्या गटातले. मला यातली रंगाची गोष्ट फार आवडते. बीट कापल्यावर हाताला लागतो तो रंग बीटालेनचा, बोगनवेलीचाही तोच. पण कार्नेशनचं कुल या गणात वेगळं पडलंय: त्याचा गुलाबी-लाल रंग अँथोसायनिनचा, म्हणजे जांभूळ फळात असतो तो. आणि निसर्गात एकाच झाडात हे दोन्ही रंग आजवर सापडलेले नाहीत. रोप पुन्हा आणलंत तर खोडाची फुगीर पेरं आणि समोरासमोरची पानं नक्की बघा, ती या कुलाची ओळख आहे. मूळ रानटी फुलाला पाकळ्या पाचच असतात. झालरीसारखा भरगच्चपणा माणसाने निवडून निवडून आणलेला.

आता रोपाचं. कार्नेशन भूमध्य समुद्राकडचं. त्याला रात्री १०-१५ अंशांचा गारवा हवा. आपल्याकडे एप्रिलच्या रात्री वीस अंशांच्या खाली क्वचितच उतरतात, वर दमट हवा. त्यात नर्सरीची लाल चिकट माती पाणी धरते आणि मुळं कुजतात. तुमचं काही चुकलं नाही. त्यापेक्षा नोव्हेंबरमध्ये कार्नेशनचंच भावंड असलेलं चिनी डायअँथस आणा, वाळू मिसळलेल्या मातीत लावा, सकाळचं ऊन द्या. मार्चपर्यंत मनसोक्त फुलेल. पुढे उन्हाळ्यात गेलं तर जाऊ द्या.

आणि फुलं विकत आणलीत तर फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिकत्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने पाकळ्या आत वळतात आणि फूल मिटून जातं.